एक तास पंचेचाळीस मिनिटं

बुधवार, १३ जानेवारी

प्रिय शेंडेफळ,

झालं. रक्तपेढीच्या मोठ्या बाईंनी आज सही केली. प्रयोगशाळेतली जागा तुझी. अट तेवढी एकच, वयाची पस्तीस पूर्ण व्हायच्या आत रुजू व्हायचं. तुला २८ मार्चला पस्तीस पूर्ण होतात, म्हणजे पुढच्या गुरुवारपासून आपल्या हातात दहा गुरुवार आहेत. तुझ्या बेटावर विमान येतंच मुळी गुरुवारचं. मी कॅलेंडरवर दहा गोल करून ठेवलेत. तू हसशील, हस.

आता नीट वाच. तुझं तिकीट कर्मचाऱ्याच्या बहिणीचं आहे. फुकट, पण पैसे भरलेली माणसं बसून विमानात वजनाची मुभा उरली तरच. तोवर वेटिंगच्या बाकावर बसायचं. तुमच्या विमानतळापासून आमच्यापर्यंत अंतर अकराशे ऐंशी किलोमीटर. वारा पडलेला असेल तर एक तास पंचेचाळीस मिनिटं. एवढं जवळ आहेस तू. बोटीचं नावही काढू नकोस. तिकिटाच्या खिडकीवरचे काका रोज संध्याकाळी बाबांशी बुद्धिबळ खेळतात. तू तिकीट काढलंस की दुसऱ्या चालीला बाबांना कळेल.

बाबांना आत्ताच काही सांगायचं नाही. मी घर सोडलं तेव्हा त्यांच्या छातीत दुखलं, तुझं लग्न ठरत आलं तेव्हा दुखलं, तू मैत्रिणीकडे चार दिवस जाणार होतीस तेव्हासुद्धा. डॉक्टर म्हणतात हृदय ठणठणीत आहे. इथे पोचलीस की मी फोन करून सगळं सांगेन. मावशी त्यांच्याजवळ राहायला तयार आहे, तिचा शब्द मी घेतलाय. घरातून निघताना दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांग. दाताला कुणी प्रश्न विचारत नाही.

आणि हो, माझी गुरुवारची सुट्टी होती, ती मी कामावरच्या जोडीदाराला देऊन टाकली. तुमच्याकडून निघणाऱ्या विमानाची वाट, वेळ, इंधन, सगळं आता गुरुवारी मीच ठरवणार. तुझं विमान दुसऱ्याच्या हाती सोडायला मन धजत नाही.

पत्रं नेहमीसारखी पायलटच्या बॅगेतून. फोन बाबांच्या खुर्चीला चिकटलेला आहे, त्यावर काही बोलू नकोस.

तुझा,
दादा


गुरुवार, २१ जानेवारी
विमानतळ, वेटिंगचा बाक

प्रिय दादा,

हे पत्र विमानात बसलंय. मी नाही.

वेटिंगवर आम्ही नऊ जण होतो. काउंटरवरच्या बाईंनी सव्वाअकराला यादी उचलली, चष्मा लावला, काढला आणि म्हणाल्या, "आज कुणीच नाही." मी काचेतून बघत होते. मागच्या तीन रांगांच्या खिडक्यांत एकही डोकं दिसत नव्हतं. मी म्हटलं, बाई, त्या जागा रिकाम्या आहेत की. त्या म्हणाल्या, "जागा आहेत, वजन नाही." तुमच्या लोकांची भाषाच वेगळी.

पर्समध्ये दोन साड्या, सर्टिफिकेटं आणि दात घासायचा ब्रश. डॉक्टरकडे जाणारी बाई ट्रंक घेऊन कशी निघेल? एवढंच घेऊन नव्या आयुष्याला निघाले होते आणि आता तेवढंच घेऊन बाबांचं जेवण वाढायला परत. बाराला घरी पोचायला हवं. सव्वाबाराला ते घड्याळाकडे बघायला लागतात.

मला खोटं बोलता येत नाही असं तू लहानपणी सगळ्यांना सांगायचास. आज सकाळी आलं.

तुझी,
शेंडेफळ


बुधवार, २७ जानेवारी

प्रिय शेंडेफळ,

धीर सोडू नकोस. तुमची धावपट्टी आखूड आहे आणि अकरा वाजता तिथली हवा तापलेली असते. तापलेल्या हवेत विमानाला उचलायला जड जातं, म्हणून एकूण वजनाला मर्यादा येते. त्यात माणसंही आली, सामानही आलं आणि इंधनही. गेल्या गुरुवारी वारा समोरून होता. एक पंचेचाळीसचे दोन तास पाच झाले. वेळ वाढला की इंधन वाढतं, इंधन वाढलं की माणसं कमी. यात कुणाचाच दोष नसतो, वाराच तसा होता.

उद्या वारा बरा दिसतोय.

दादा


गुरुवार, ११ फेब्रुवारी
तोच बाक

प्रिय दादा,

मागचे दोन गुरुवार मी मुद्दाम लिहिलं नाही. लिहायचं काय, "आज कुणीच नाही"? बाकावरचे सगळे आता ओळखीचे झालेत. एक शिंपी आहे, त्याला मुलीच्या बाळंतपणाला जायचंय. मूल झालंसुद्धा, हा अजून इथेच. एक म्हातारी लोकरीचा मोजा विणते. पहिल्या गुरुवारी टाच झाली होती, आज दुसरा मोजा सुरू.

आता दाताचं ऐक. तू म्हणालास दाताला कुणी प्रश्न विचारत नाही. तू बाबांना विसरलास का रे? तीस वर्षं हेडमास्तर होते. पहिल्या आठवड्यात म्हणाले, "कुठला दात?" मी म्हटलं, खालचा. दुसऱ्या आठवड्यात मी उजवीकडे गाल धरला, तर म्हणाले, "परवा डावा होता." तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या चहाआधी बॅटरी घेऊन आले आणि म्हणाले, "आ कर बघू." पस्तिशीला आलेली मी खिडकीपाशी तोंड उघडून उभी. ते आत बघतायत, बॅटरीचा उजेड नाकात जातोय. म्हणाले, "मला तर काही दिसत नाही. आतून असेल." आणि मग लवंगेचं तेल आणायला स्वतः काठी टेकत गेले. दादा, ते परत येईपर्यंत मी दारात उभी होते. असं वाटलं की सरळ सांगून टाकावं. पण तू म्हणालास आत्ताच नको, म्हणून गप्प बसले.

दिवसातून तीनदा ते तेल लावून घ्यावं लागतं. जिभेची चव गेलीये.

वाऱ्याला तेवढं विचारून सांग, तो नक्की कुणाच्या बाजूने आहे.

तुझी,
लवंग


बुधवार, १७ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

तुझं पत्र वाचून इथे सगळे हसले. मी काही मोठ्याने वाचलं नव्हतं, माझाच चेहरा बघून हसले.

अजून सहा गुरुवार आहेत. रक्तपेढीच्या बाईंना मी परत भेटून आलो, तुझी खुर्ची दाखवली त्यांनी. खिडकीजवळ आहे. माझ्याकडची मधली खोली रिकामी केलीये, पलंगही आणला. तू फक्त पर्स घेऊन ये.

बाबांना संशय आला तर आणखी एखादा दात वाढव.

दादा


गुरुवार, ४ मार्च
बाक

प्रिय दादा,

गेल्या गुरुवारी मी विमानतळावर आलेच नाही, हे तुला कळलंच असेल. कारण आज सांगते. आठवडाभर नीट बोलता येत नव्हतं आणि लिहायचीही इच्छा नव्हती.

बुधवारी बाबा म्हणाले, "हा डॉक्टर तुला नुसता फिरवतोय. उद्या मी येतो बरोबर." मी खूप टाळलं. मावशीने तर त्यांच्या चपला लपवून ठेवल्या. ते जुने बूट घालून निघाले. मग मी काय करणार? ज्या दवाखान्याची पायरी मी कधी चढले नव्हते तिथे गेले आणि खुर्चीत बसले. डॉक्टर म्हणाला, "पहिल्यांदाच येताय ना?" मी इतक्या जोरात खोकले की बाबांना ऐकू गेलं नसावं.

त्याने विचारलं, "कुठला?" मी बोट ठेवलं. डावीकडचा, खालचा, शेवटून दुसरा. त्याने टकटक केलं, गार पाणी मारलं आणि म्हणाला, दात चांगला आहे. बाबा म्हणाले, "चांगला कसा? सहा आठवडे हिला झोप नाही. काढून टाका." डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. दोन शब्द बोलले असते तर सुटले असते, पण त्या दोन शब्दांनी सगळंच सुटलं असतं. मी मान हलवली.

खूप घट्ट होता दादा. चांगला दात सहज येत नाही. डॉक्टरने एकदा थांबून परत विचारलं. बाबांनी सगळा वेळ माझा हात धरला होता. घरी येताना म्हणाले, "आता बरं वाटेल तुला."

मी रडले, तर त्यांना वाटलं दुखतंय म्हणून.

आता दाताचं कारण संपलं. आज टाके दाखवायला म्हणून आले. आजही कुणीच नाही. शिंप्याने मला पाणी आणून दिलं.

शें.


बुधवार, १० मार्च

प्रिय शेंडेफळ,

तुझं पत्र वाचून मी सरळ कॅन्टीनच्या मागच्या जिन्यात जाऊन बसलो. माझ्यामुळे झालं हे. दाताची कल्पना माझी. काय लिहू? उद्या वारा मागून आहे, एक तास चाळीस. उद्या जमायला हवं. मी गुरुवारी जरा जास्तच जपून काम करतो, तू आत असशील म्हणून, एवढं तरी लक्षात ठेव.

दादा


गुरुवार, ११ मार्च
बाक

दादा,

वारा मागून होता. आम्ही सहाच होतो. कुणीच गेलं नाही.

काउंटरवरच्या बाई आज माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "एक विचारू का? डिसेंबरपर्यंत गुरुवारी सात-आठ वेटिंगवाले नेहमी जायचे. हवा हीच, धावपट्टी हीच. जानेवारीपासून एकही गेलेला नाही. तिकडे गुरुवारी कुणीतरी नवीन बसलंय. नियमापेक्षा जादा इंधन सांगतो. आमच्यात त्याला 'वीस मिनिटं' याच नावाने ओळखतात, म्हणे इतर वारी दुसऱ्या विमानांनाही वीस मिनिटांचं जादा घालतो, पण गुरुवारी तीसचं." मी विचारलं, तीस मिनिटांचं इंधन म्हणजे किती माणसं? त्यांनी बोटांवर मोजलं. "बारा-तेरा."

त्यांना माहीत नाही मी कुणाची बहीण आहे.

मला वाऱ्याच्या गोष्टी सांगू नकोस. एका ओळीत लिही. हे खरं आहे का?


बुधवार, १७ मार्च

प्रिय शेंडेफळ,

खरं आहे.

एका ओळीत सांगितलं. पण पुढचं वाच.

मी या कामात नवीन होतो तेव्हा माझ्या हिशोबाने एक विमान इथे येत होतं. इंधन नियमाप्रमाणे, एका पैशाचीही चूक नाही. इथे अचानक धुकं उतरलं. विमान डोक्यावर घिरट्या घालत राहिलं. पायलट रेडिओवर दर दोन मिनिटांनी उरलेलं इंधन सांगत होता. शांतपणे सांगायचा, दुकानात भाव सांगावा तसं. चौथ्या फेरीला धावपट्टी दिसली. उतरून उभं राहायच्या आत एक इंजिन बंद पडलं. कुणाला खरचटलंही नाही. चौकशीत साहेब म्हणाले, तुमचं गणित बरोबर होतं. त्या दिवसापासून मी गणिताच्या वर वीस मिनिटं घालतो. हसतात लोक. हसू देत.

जानेवारीत गुरुवारचं काम घेतलं तेव्हा मनात आलं, आता यात ती बसणार. हात आपोआप तीसवर गेला. तुझी जागा त्यातच जातेय, हे मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कळत होतं. दर गुरुवारी वाटायचं, आज नऊच आहेत, दोघं-तिघं तरी जातील, त्यात ती असेल. मुद्दाम नाही केलं. पण कमी करायला गेलो की पोटात गोळा यायचा.

जोडीदार रजेवर आहे, उद्या मलाच बसावं लागेल. उद्या कमी घालीन. २५ ला तो येतोय. त्या दिवशी मी कामावर जाणारच नाही. शब्द देतो.

दादा


गुरुवार, १८ मार्च
बाक

दादा,

आज दोघं गेली. शिंपी गेला आणि मोजेवाली गेली. शिंपी जाताना माझ्या पाया पडायला वाकला, मला लाजच वाटली. तू कमी घातलंस म्हणजे नक्की किती, ते विचारत नाही.

इतके दिवस मला वाटायचं घरात एकच माणूस मला धरून बसलंय. तिकडचा दादा मला ओढून घेतोय आणि इकडे बाबा सोडत नाहीत. आता बघते तर तुम्ही दोघं अगदी बापलेक आहात. मी गेले तर आपल्याला काहीतरी होईल असं त्यांना वाटतं. मी निघाले तर मला काहीतरी होईल असं तुला वाटतं. त्यांच्या छातीत दुखतं, तुझ्या पोटात गोळा येतो, आणि दोन्ही वेळा घरी मीच. त्यांनी निदान लवंगेचं तेल तरी आणलं.

मला राग आलाय आणि तो मी गिळणार नाही. लहानपणी मला सायकलवरून तू पडू दिलं नाहीस, म्हणून मला अजून सायकल येत नाही, ठाऊक आहे ना तुला?

२५ हा शेवटचा गुरुवार. रविवारी मला पस्तीस पूर्ण. शुक्रवारी सकाळी रुजू होता येईल, शनिवारी पेढीचं ऑफिस बंद. विमान नियमाने येऊ दे. धुकं आलं तर येऊ दे, इतर माणसं जशी बसतात तशी मी बसेन. तू फक्त घरी बस. झोप काढ. हवं तर सगळं बळ लाव, पण काहीही करू नकोस.

शें.


गुरुवार, २५ मार्च, दुपार

प्रिय शेंडेफळ,

हे पत्र तुला पुढच्या गुरुवारी मिळेल, तोवर तुला काय घडलं ते माहीत असेलच. का घडलं तेवढं मी सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं तर मला तोंड दाखवता येणार नाही. तसं ते आताही येत नाही.

मी कामावर गेलो नाही. घरीच होतो. तुझ्या पलंगावरची चादर बदलली. केळी आणली. साडेनऊपर्यंत बरा होतो. मग खिडकीतून समोरच्या इमारतीची वरची गच्ची पुसट दिसायला लागली. धुकं नव्हतं, साधी धूळ होती. तरीही मी जोडीदाराला फोन केला. विचारलं, किती घातलंस? तो म्हणाला, नियमाप्रमाणे, आठच्या आठ वेटिंगवाले बसतील. बरं, म्हणून मी फोन ठेवला. पाच मिनिटांनी परत केला. मी म्हटलं, वीस नको. दहा घाल. दहाच. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, माझी बहीण आहे त्यात.

त्याने घातलं. माझ्या शब्दाला मान दिला.

मी तुला घ्यायला गेलो होतो. वेटिंगवरची चार माणसं आली. यादी बघितली. तू पाचवी होतीस.

विमान एक तास सत्तेचाळीस मिनिटांत आलं. आभाळ स्वच्छ होतं.

पेढीच्या बाईंकडे गेलो, हात जोडले. त्या म्हणाल्या, नियम माझ्या हातात नाही. नियम कुणाच्या हातात असतो आणि कुणाच्या नाही, ते मी त्यांना काय सांगणार?

माफ कर असं लिहून खोडलं. तू पत्र लिहायचं थांबवू नकोस, एवढंच मागतो.

दादा


गुरुवार, ८ एप्रिल
विमानतळ

दादा,

तुझं पत्र मागच्या गुरुवारी मिळालं. बाकावर वाचलं, दोनदा वाचलं आणि त्या दिवशी तुला एक अक्षरही लिहिलं नाही. घरी गेले, बाबांना जेवायला वाढलं आणि त्यांच्यासमोर बसले. मावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

सगळं सांगितलं. पेढी, गुरुवार, बाक, दात. दाताचं सांगताना जीभ अडखळली, पण सांगितलं. तुझी मिनिटंही सांगितली.

बाबांचा हात छातीकडे गेला. मी उठले नाही. म्हटलं, बाबा, डॉक्टर दोन घरं सोडून राहतात, मावशी इथे आहे, मी मात्र हे संपेपर्यंत बोलणार आहे. हात तसाच राहिला थोडा वेळ, मग त्यांनी तो ताटाजवळ खाली ठेवला. भात गार झाला. मी म्हटलं, तुम्हाला आधी विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?

म्हणाले, "नाही म्हणालो असतो."

मी मान हलवली, उठायला लागले, तर म्हणाले, "तरी जायचं होतंस. मी काय, नाहीच म्हणणार."

मावशी रडायला लागली. मी नाही रडले. पस्तीस वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. तूही नव्हतंस. आपण दोघांनी मिळून त्यांचा होकार-नकार ठरवून टाकला होता.

संध्याकाळी बुद्धिबळवाले काका आले तेव्हा बाबांनीच त्यांना सांगितलं, हिला बोटीचं एक तिकीट द्या. काका माझ्याकडे बघून म्हणाले, परतीचं धरून? बाबा माझ्या आधी बोलले, म्हणाले, "एकेरी." नंतर तो डाव ते हरले आणि लवकर झोपले.

शनिवारी सकाळी निघते. दोन दिवस लागतात, लाट असेल तर अडीच. धक्क्यावर उभा राहू नकोस. पत्ता मला पाठ आहे, विचारत येईन. पेढी गेली ती गेली, दुसरं काम शोधीन. प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुणारी माणसं सगळीकडे लागतात. नाही मिळालं तर धुणी धुवीन. तोवर मधल्या खोलीत राहीन.

तुझ्यावर अजून रागावलेली आहे. तिथे आल्यावर समोरासमोर भांडणार आहे, बरेच दिवस. बाबांना दर रविवारी फोन तू करायचास, छातीचं विचारायचं नाही, डावाचं विचारायचं.

आणि मी कुठे जाते, कधी परत येते, ते मला विचारायचं नाही.

तुझी बहीण